दळण, भाजी आणि सागरमाळचा चढ : कोल्हापुरात गाडी न काढता ओझं कसं न्यायचं

आमच्या घरापासून पिठाची गिरण साडेसातशे पावलांवर आहे. मी मोजली आहेत. तरी कित्येक वर्षं मी दळणाचा डबा स्कूटीच्या पायापाशी ठेवून जात होते. साडेसातशे पावलांसाठी गाडी दारातून काढायची, वळवायची, गिरणीसमोर दोन गाड्यांच्या मध्ये कशीबशी लावायची आणि परत तेच. कारण अंतर नव्हतंच. कारण होतं पंधरा किलोचा डबा.

हे लक्षात आलं तेव्हा सगळा प्रश्न वेगळा दिसायला लागला. "सायकल चालवा, तब्येत सुधारेल, प्रदूषण कमी होईल" हे आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलंय आणि ते खरंच आहे. पण कोल्हापूरसारख्या गावात, जिथं पेठेतून पेठेत जायला दोन-तीन किलोमीटर पुरतात, तिथं माणूस गाडी काढतो ती तीन गोष्टींमुळं: हातात ओझं असतं, वाटेत चढ असतो, नाहीतर मागं कुणाला तरी बसवायचं असतं. या तिन्हींची सोय लागली की गाडी आपोआप दारात उभी राहते. ती विकायला कुणी सांगत नाही. आमचीही आहे. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात न्यायला ती लागतेच.

गेल्या काही वर्षांत मी जे करून पाहिलं, चुकून पाहिलं आणि दुरुस्त केलं, ते इथं क्रमानं लिहिते.

आधी आठवडाभर वही

काहीही विकत घेऊ नका. एक जुनी वही घ्या, गाडीच्या किल्लीजवळ ठेवा आणि सात दिवस प्रत्येक फेरी लिहा: कुठं गेलो, किती लांब, बरोबर किती वजन होतं, चढ होता का, घाई खरी होती की नुसती सवय. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा.

माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात 31 फेऱ्या निघाल्या. त्यातल्या 22 तीन किलोमीटरच्या आत होत्या. त्या 22 मधल्या 9 फेऱ्यांना हातात काहीच नव्हतं, म्हणजे त्या नुसत्या चालत किंवा साध्या सायकलवर झाल्या असत्या. उरलेल्या 13 मध्ये ओझं होतं: भाजी, दळण, किराणा, बहिणीकडं द्यायचा डबा, शिंप्याकडचं गाठोडं.

तुमचे आकडे वेगळे येतील, पण हिशोबाची पद्धत तीच. रोज 8 किलोमीटर छोट्या फेऱ्यांत जात असतील तर वर्षाला जवळपास 2,900 किलोमीटर होतात. गाडी लिटरला 45 देत असेल तर 65 लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला दीडशे किलो. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, तेव्हा पैशांचा हिशोब तुम्हीच करा. त्यात थंड इंजिन छोट्या फेरीत जास्त पितं, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल.

वही भरली की फेऱ्यांचे तीन ढीग करा. चालत होणाऱ्या, साध्या सायकलवर होणाऱ्या आणि ओझ्याची सोय केल्यावर होणाऱ्या. पहिल्या महिन्यात फक्त पहिले दोन ढीग घ्या. एकदम सगळं बदलायला गेलं की पंधरा दिवसांत पुन्हा गाडीची किल्ली हातात येते, हे मी शेजारीपाजारी पाहिलंय.

कुठल्या कामाला काय

एक किलोमीटरच्या आत आणि पाच-सहा किलो वजन असेल तर चाकाची पिशवी पुरते. लक्ष्मीपुरीत आठवड्याची भाजी घ्यायला येणाऱ्या वयस्कर बायकांकडं ती दिसते. घेताना चाकं बघा. बोटभर जाडीची प्लॅस्टिकची चाकं आपल्या रस्त्यावर महिनाभरात फुटतात. किमान वीतभर व्यासाची रबरी चाकं हवीत.

त्याच्या पुढं सायकल. आणि इथं एक गोष्ट आपण विसरून गेलोय: सायकल चालवलीच पाहिजे असं नाही, ती ढकलतही नेता येते. व्हिएतनामात 1954 साली दिएन बिएन फूच्या लढाईत हजारो माणसांनी साध्या सायकलींवर दोनशे किलो आणि त्याहून जास्त वजन डोंगरातून नेलं. त्या सायकलींवर कुणी बसत नव्हतं. हँडलला एक बांबू बांधून तो बाजूला लांबवलेला असायचा, म्हणजे ओझ्याशेजारून चालता चालता हँडल वळवता यायचं, आणि सीटच्या नळीत उभा रोवलेला दुसरा बांबू ढकलायला. आपल्याकडं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पूर्वी आसपासच्या गावांतनं दूधवाले यायचे, त्यांच्याही सायकली दोन्ही बाजूंना कॅन अडकवून यायच्या आणि चढाला ते खाली उतरून चालायचे. वजन चाकावर, माणूस बाजूला. सिलिंडर, तांदळाचं पोतं, शिलाई मशीन अशा वस्तू जवळच न्यायच्या असतील तर आजही हा मार्ग सगळ्यांत सुरक्षित आहे. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. तो कॅरेजवर आडवा टाकून चालवत नेऊ नका, पुढचं चाक उचलतं.

लहानपणी आमच्या गल्लीत धार लावणारा यायचा. सायकल स्टँडवर लावायची, सीटवर बसायचं आणि पॅडल मारलं की हँडलजवळचा दगड फिरायचा. तीच सायकल त्याचं वाहन आणि तीच त्याचं यंत्र. तेव्हापासून मला सायकल म्हणजे जोडकाम करायची वस्तू वाटत आली आहे. जी गरज, ती तिला जोडावी.

तोल सांभाळायची भीती असलेल्या ज्येष्ठांना तीन चाकी सायकल चांगली, फक्त ती वळणावर झुकत नाही, म्हणून वळताना वेग अगदी कमी ठेवायचा. दृष्टी नसलेल्या माणसाला बरोबर घेऊन जायला दोघांची जोडसायकल, पुढं बघणारा आणि मागं नुसता पॅडल मारणारा. ज्यांचं गुडघ्याचं दुखणं खरंच आहे त्यांनी बॅटरीची मदत घ्यायला हरकत नाही. 250 वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर तिला लायसन्स, पासिंग लागत नाही. दुकानदार "ही पण चालते" म्हणून मोठी मोटर दाखवतात, तेव्हा मोटरवरची पाटी वाचा.

माळ्यावरची सायकल खाली काढताना

बहुतेकांच्या घरी एक सायकल धूळ खात असते. ती आधी वापरात आणा. नवी घ्यायची तर सहा महिन्यांनी घ्या, तोवर आपल्याला काय हवंय ते कळलेलं असेल.

टायर हातानं दाबून बघा. बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर नक्षी कितीही चांगली असो, टायर गेलेला आहे. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ डोळा लावा. चाक डावं-उजवं डुलत असेल तर मिस्त्रीकडून आऊट काढून घ्या. मग पुढचं चाक हातांत धरून आडवं हलवा. कटकट जाणवली तर हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या, गोळ्या झिजल्यात, ओव्हरहॉलिंग करावं लागेल. ब्रेकचे गुट्टे दगडासारखे कडक झालेले असतात, ते न बघता बदला, ती पन्नास-शंभराची गोष्ट आहे आणि तुमचा जीव त्यावर आहे.

चेनचं माप घरी पट्टीनं घेता येतं. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. पिनेपासून पिनेपर्यंत मोजा. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश जास्त असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकतीचे, दातही गेलेत, दोन्ही बदला, नाहीतर नवी चेन चढावर नेमकी घसरते.

सीटची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपल्याकडं सगळे सीट खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मग गुडघे पोटाशी येतात आणि आठ दिवसांत दुखायला लागतात. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल पूर्ण खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. आता चवडा ठेवलात की गुडघ्यात थोडीशी वाक राहते, तीच योग्य उंची. थांबताना सीटवरून पुढं उतरायची सवय करायची. दोन दिवस अवघड वाटतं, नंतर नाही.

आणि एक खास आपल्या गावचं: कोल्हापुरी चप्पल घालून सायकल चालवू नका. चामड्याचा तळ पॅडलवर घसरतो, पाऊस असेल तर हमखास. चप्पल पिशवीत घ्या, पायात रबरी तळाचं काहीही.

चढाचं गणित

"कोल्हापुरात चढ आहेत" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. आहेतच. रंकाळ्याच्या बाजूनं सपाट, पण राजारामपुरीकडून सागरमाळावर विद्यापीठाकडं जाताना, टेंबलाई टेकडीच्या बाजूला, पंचगंगा घाटावरून गंगावेशीकडं परत येताना पाय बोलतातच. पण चढ पायांना जड होतो तो बहुतेक वेळा आपल्या घाईमुळं आणि चेनच्या चकत्यांच्या चुकीच्या दातांमुळं.

शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर वर जाणारा चढ धरा. माणूस 60 किलो, सायकल 18, भाजी 20. एवढं ताशी 6 किलोमीटरनं वर न्यायला नव्वदएक वॉट लागतात. धडधाकट, सराव नसलेला माणूस 75 ते 100 वॉट बऱ्याच वेळ देऊ शकतो. म्हणजे जमतं. तोच चढ 12 च्या वेगानं चढायला गेलात की लागतात जवळपास दुप्पट, आणि तिथं छाती भरते. चढावर वेग धरायचा नसतो. चालणाऱ्या माणसापेक्षा जरासं पुढं, एवढाच वेग ठेवायचा.

पण तेवढ्या हळू चालवायला दात तसे लागतात. जुन्या उंच सायकलला साधारणपणे पुढं 44 आणि मागं 18 दात असतात. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढं जाते. ताशी 6 म्हणजे मिनिटाला 100 मीटर, तेव्हा मिनिटाला जेमतेम 18 फेरे. एवढ्या कमी फेऱ्यांत सगळा जोर गुडघ्यावर येतो, माणूस उभा राहतो, हँडल ओढतो आणि शेवटी उतरतो. मागं 22 दाती फ्रीव्हील बसवला तर 22 फेरे होतात. फरक लगेच कळतो. त्यासाठी चेनमध्ये दोन कड्या वाढवाव्या लागतील, मिस्त्रीला आधी सांगा. गिअरची सायकल असेल तर पुढचा लहान 28 आणि मागचा मोठा 28 लावला की एका फेऱ्यात दोन-सव्वादोन मीटरच, म्हणजे मिनिटाला 45 ते 50 फेरे. सागरमाळचा चढ असा बसल्या बसल्या होतो, श्वास लागला तरी बोलता येतं.

म्हणून ओझ्यासाठी सायकल घेणार असाल तर दुकानात "किती गिअर?" असं विचारू नका. "पुढचा सगळ्यात लहान किती दातांचा आणि मागचा सगळ्यात मोठा किती?" असं विचारा. दोन्ही सारखे असले की झालं. 21 गिअर लिहिलेल्या सायकलीत चढाला कामाचे दोन-तीनच असतात. ते गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाकायचे. चढाच्या मध्ये जोर देऊन बदलले की चेन उतरते.

गाडा: सगळ्यात उपयोगी जोडकाम

आता मुख्य गोष्ट. सायकलच्या मागं ओढायचा दोन चाकी गाडा. दळण, पंधरा दिवसांचा किराणा, कुंड्या, गणपतीच्या दिवसांतलं सामान, सगळं यावर जातं. विकत मिळतो, पण महाग. आपण राहतो ते उद्यमनगरच्या गावात. शेताच्या इंजिनांचे सुटे भाग ज्यांनी वर्षानुवर्षं घडवले, त्या गावात एक गाडा करून घेणं काही अवघड नाही.

मी माझं कागदावरचं चित्र घेऊन एका शेडमध्ये गेले. मिस्त्रींनी कागद बाजूला ठेवला. "वहिनी, ओझं किती आणि वळणार कसं, ते आधी सांगा," म्हणाले. मग खडू घेतला आणि फरशीवर पुऱ्या मापाचा गाडा काढला, सायकल आणून त्याच्या पुढं उभी केली, हँडल वळवून चाक कुठं येतंय ते बघितलं आणि गाडा सायकलला जोडणारी माझी दांडी सहा इंचांनी वाढवली. तुम्हीही हेच करा. सायकल बरोबर घेऊन जा आणि जमिनीवर खऱ्या मापात काढून बघा. कागदावर जे जमतं ते वळणावर अडतं.

मापं अशी. बसकण, म्हणजे ओझं ठेवायची चौकट, 45 सेंटिमीटर रुंद आणि 75 लांब. भाजीवाल्यांचा प्लॅस्टिक क्रेट 54 बाय 36 चा असतो, तो यात लांबीत बसतो, आणि पुढं-मागं पिशवीला जागा राहते. पाइप एक इंची चौकोनी, 16 गेजचा. 20 फुटांची एक लांबी पुरते. बहुतेक वजन तिथंच, सातेक किलो.

चाकं लहान मुलांच्या 20 इंची सायकलची, आणि दोन्ही पुढची घ्या, मागच्यात फ्रीव्हीलची अडचण होते. या चाकांचा आस दोन्ही बाजूंनी आधार मिळेल अशाच बेतानं केलेला असतो. एका बाजूनं पकडला तर खड्ड्यात वाकतो. म्हणून चाकाच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन पाइप हवेतच. तसं धरलं की गाड्याची एकूण रुंदी 69-70 सेंटिमीटर होते. तुमचं हँडल साधारण 60 चं. हे डोक्यात पक्कं बसवा: हँडल निघालं म्हणून गाडा निघेलच असं नाही. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर जास्त लागतात.

आस बसकणीच्या बरोबर मध्ये नको, मध्यापासून 8 ते 10 सेंटिमीटर मागं. मग ओझ्याचा थोडासा भार पुढं, सायकलवर येतो. तीस किलो भरून दांडीचं टोक वजनकाट्यावर ठेवलं की दोन-अडीच किलो दाखवायला हवं. भार शून्य असेल किंवा टोक वर उचलत असेल तर उतारावर गाडा सायकलचं मागचं चाक उचलायला बघतो आणि शेपटीसारखा हलतो. हे ओझं भरतानाही लक्षात ठेवा: जड वस्तू मध्याच्या जरा पुढं आणि खाली, हलकी मागं आणि वर.

जोड कुठं द्यायचा, यात मी पहिल्यांदा चुकले. सोपं म्हणून सीटच्या दांडीला जोडला. मिरजकर तिकटीला वळताना गाड्याचं आतलं चाक खड्ड्यात गेलं, बाहेरचं उचललं, आणि जोड उंचावर असल्यानं त्यानं सायकलला वरूनच आडवं खेचलं. मी गुडघ्यावर पडले. वीस किलो बटाटे रस्ताभर झाले. मागून येणारा रिक्षावाला थांबला, त्यानं गाड्या अडवल्या आणि चार पोरांनी बटाटे गोळा करून दिले. त्या दिवशी मागून ट्रक असता तर, हा विचार अजून येतो.

तेव्हा जोड खाली, मागच्या चाकाच्या आसाला, डाव्या बाजूला. उजवीकडं चेन असते. डाव्या नटाखाली 5 मिलिमीटर जाडीची पट्टी बसवायची. ती बसवल्यावरही नट पूर्ण आट्यांवर चढला पाहिजे, नसेल चढत तर लांब आस घालून घ्या, यात तडजोड नको. पट्टी आणि दांडी यांच्यामध्ये हायड्रॉलिक होज पाइपचा वीतभर तुकडा, आत तारांची वीण असलेला. एक टोक दांडीवर चढवून क्लॅम्प आणि आरपार बोल्ट, दुसऱ्या टोकाला कडीचा बोल्ट. होज सगळीकडं वाकतो, म्हणून सायकल झुकली, अगदी आडवी पडली, तरी गाडा आपल्या दोन चाकांवर उभा राहतो. आणि एक साखळी किंवा जाड पट्टा होजला समांतर, सैल बांधलेला. होज तुटलाच तर गाडा सुटून कुणाच्या अंगावर जाऊ नये.

दांडी बसकणीच्या पुढच्या बाजूपासून निघून चाकाच्या डावीकडून वाकून येते. हँडल पूर्ण वळवल्यावरही सायकलचं मागचं चाक आणि गाडा यांच्यात किमान वीतभर अंतर राहावं.

मागं लाल रिफ्लेक्टर दोन, त्यांच्यात गाड्याची पूर्ण रुंदी दिसेल असे, आणि एक लाल दिवा. शिवाय चार फुटांच्या बारीक काठीवर भडक कापड. ट्रकच्या किंवा बसच्या चालकाला खालचा गाडा दिसत नाही, हलणारं कापड दिसतं.

माझा गाडा रिकामा बारा किलो भरला आणि रंगासकट साडेचार हजारांच्या आसपास पडला. पहिले तीन दिवस रंकाळ्याच्या बाजूला भल्या पहाटे, आधी रिकामा, मग दहा किलो, मग तीस किलो तांदूळ घालून चालवला. ब्रेक लावून किती लांब जाऊन थांबतो ते पावलांनी मोजलं. तीस किलोला थांबायचं अंतर चांगलंच वाढतं. चाळीस किलोच्या वर ओझं मी चालवत नेत नाही, उतरून ढकलते. उतारावर आधीपासून ब्रेक, दोन्ही एकदम, दाबत-सोडत. वळणावर ब्रेक नाही, वळणाच्या आधी.

दळणाचं आता असं होतं: सकाळी गाडा जोडायला दीड मिनिट, गिरणीत पाच मिनिटं, वाटेत शेजारणीचाही डबा. पहिल्यांदा तिनं गाडा बघितला तेव्हा म्हणाली, "मी बी येतो की तुझ्याबरोबर, माझं चाळीस किलो गहू हाय." ते दोन फेऱ्यांत नेलं.

पोरं आणि साडी

मुलाला मागं बसवताना सगळ्यात मोठा धोका चाकात पाय जाण्याचा. झोपेत, गप्पांत, पाय आत जातो आणि टाच सोलवटते, कधी हाडापर्यंत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी किंवा पत्रा लावल्याशिवाय कॅरेजवर मूल बसवू नका. पाय ठेवायला खुंट्या हव्यात, आणि धरायला सीटखाली एक कडी. हेल्मेट त्यालाही आणि तुम्हालाही. ओझ्याच्या गाड्यात मूल कधीच बसवू नका, त्याला पट्टे आणि पिंजरा असलेला वेगळा गाडा लागतो.

साडी आणि ओढणीसाठी तीच जाळी उपयोगी पडते. चेनला पूर्ण झाकणारा डबा बसवून घ्या. मी नऊवारीतल्या बायकांना आरामात सायकल चालवताना पाहिलंय, सोय असली की कपड्यांची अडचण राहत नाही.

रस्ता निवडताना

गाडीनं जाताना आपण मोठा रस्ता धरतो. सायकलला उलटं. महाद्वार रोडवर सणाच्या दिवसांत गाडा घेऊन जाणं म्हणजे स्वतःला आणि लोकांनाही त्रास. राजारामपुरीत मेन रोड सोडून मागच्या रस्त्यानं गेलं की निम्मी डोकेदुखी कमी. परीख पुलाखाली रस्ता अरुंद आहे, पावसात पाणी साठतं, तिथं मी गाडा असताना जात नाही. कावळा नाक्याला सिग्नलवर उतरून पायी ओलांडते.

एकदा रविवारी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, नेहमीच्या ठिकाणांच्या वाटा शोधून ठेवा. जरा लांबची पण चढ कमी आणि गाड्या कमी अशी वाट बहुतेक वेळा निघते.

लावलेल्या गाड्यांपासून एक हात अंतर ठेवा, चारचाकीचं दार कधीही उघडतं. डाव्या कडेला अगदी गटाराच्या काठानं चालवू नका, तिथून कडेला सरायला जागाच उरत नाही आणि मागचा घासून पुढं जातो. वळायच्या आधी मागं बघा, हात दाखवा, मग वळा. रात्री कुत्री मागं लागली तर जोर मारून पळू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरून चाला. बहुतेक कुत्री फिरत्या चाकामागं लागतात, थांबलेल्यात त्यांना रस राहत नाही.

पावसाळा

जूनपासून इथला पाऊस काही दिवस उसंत देत नाही. मडगार्ड नसलेली सायकल पावसाळ्यात निरुपयोगी आहे, सगळा चिखल पाठीवर. ओल्या रिमवर ब्रेक चाकाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत लागतच नाही, आधी रिम पुसली जावी लागते. म्हणून पावसात थांबायच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका टेकवून ठेवायचा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं घसरतात, त्यावर ना वळायचं ना ब्रेक लावायचा. गाड्यातलं सामान ताडपत्रीनं वरून झाकून चालत नाही, चाकाचं पाणी खालून येतं. क्रेटमध्ये आधी जाड प्लॅस्टिक, मग सामान, मग वरून दुमडून दोरी.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे आपल्याकडं पोराटोरांनाही पाठ असतं. इशारा पातळी आली की मी सखल भागातल्या फेऱ्या बंद करते. साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नका, खाली उघडं गटार आहे की खड्डा हे दिसत नाही. चुकून हब बुडेल एवढ्या पाण्यातून गेलीच, तर त्याच आठवड्यात हब आणि पॅडलचा आस उघडून ग्रीस बदलून घ्या. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आत गोळ्यांना गंज चढत असतो. चेनला रोज संध्याकाळी फडकं, आणि दोन दिवसांआड तेलाचे थेंब, प्रत्येक कडीला एक. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन माती धरतं.

लांबच्या फेऱ्या

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाणाऱ्यांनी आधी आठवड्यातून एकच दिवस ठरवावा. महामार्गावरून नाही, सेवा रस्त्यानं. कारखान्यात अंग पुसायला पाणी आणि बदलायला शर्ट ठेवायची सोय झाली की मग दोन दिवस करा. अजून लांब जायचं असेल तर एसटी स्टँडपर्यंत सायकल न्या आणि पुढं एसटी. पूर्ण प्रवास सायकलनंच केला पाहिजे असा हट्ट धरला की तो प्रवास परत गाडीकडंच जातो. वडापच्या, म्हणजे भरून नेणाऱ्या खाजगी गाड्यांच्या, गर्दीत उभं राहण्यापेक्षा गावातल्या गावात शेवटचे दोन किलोमीटर सायकलवर, एवढंही खूप आहे.

साखर कारखान्यांच्या हंगामात पन्हाळ्याकडं किंवा कागलकडं जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळनंतर सायकल नेऊ नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागचं काही दिसत नाही, आणि ट्रॉल्यांना दिवे नसले तर तुम्हालाही त्या दिसत नाहीत. पन्हाळा वीसच किलोमीटर आहे, वाघबिळापासून मात्र चढ जो लागतो तो वरपर्यंत सोडत नाही. तिकडं जायचं तर पहाटे, बिनओझ्याचं, आणि वर सांगितलेला 28 दातांचा गिअर असेल तरच. उतरताना रिम तापते, मध्ये दोनदा थांबून हात लावून बघा.

गाड्याच्या होजला दर महिन्याला वाकवून बघा. बाहेरच्या रबराला भेग पडून आतली तार दिसायला लागली की बदला. माझा पहिला होज चौदा महिने टिकला. दुसरा तुकडा मी तेव्हाच बरोबर कापून घेतला होता, तो गिरणीच्या पिशवीबरोबर खिळ्याला अडकवलेला असतो.